जात्याजवळचा रेकॉर्डर : ओव्या टिपताना कोणती सेटिंग ठेवायची

पत्रिकेत आजचा विषय ‘खिशातल्या यंत्रावर ध्वनिमुद्रण’ असा छापलाय. नाव जरा कोरडं आहे हे मान्य. पण त्यामागे एक फाइल आहे, आणि आज आम्ही इथे उभे आहोत ते त्या फाइलमुळे. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू, मग बटणांकडे वळू.

मे 2011. दौंड तालुक्यात भीमेच्या काठी एका वस्तीवर आम्ही गेलो होतो. घरात लग्न होतं, हळद दळायला जातं मांडलं होतं, आणि घरातली आजी ओव्या म्हणायला बसली. वय पंच्याऐंशीच्या आसपास. आमच्याकडे तेव्हा वेगळा रेकॉर्डर नव्हता. गाणी ऐकायचा छोटा प्लेअर होता, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, त्यात माइक होता आणि मेनूमध्ये ‘रेकॉर्डिंग’ असं लिहिलेलं होतं. तो चालू केला, लाल ठिपका दिसला, आम्ही निर्धास्त. आजी घड्याळी 41 मिनिटं गायली. घरी येऊन फाइल उघडली तर ती 23 मिनिटांची!

उरलेली 18 मिनिटं कुठे गेली? त्या प्लेअरमध्ये ‘आवाज आला की रेकॉर्ड करा’ ही सेटिंग चालू होती. मेनूत तिला ‘व्हीओआर’ म्हणतात, कुठे ‘ट्रिगर’ म्हणतात. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की यंत्र थांबतं, वर आला की पुन्हा सुरू होतं. ऑफिसातल्या बैठकीसाठी सोयीचं आहे ते, मधली शांतता वाचते. पण जात्यावर बसलेली बाई एक ओवी म्हणते, श्वास घेते, मूठभर दाणे टाकते, दोन-चार फेरे नुसतेच ओढते, मग दुसरी ओवी. यंत्राच्या लेखी ते नुसते फेरे म्हणजे ‘काहीच नाही’. ते सगळे फेरे गेले. आणि त्याहून वाईट म्हणजे, पुन्हा सुरू व्हायला यंत्राला क्षणभर लागतो, तेवढ्यात ओळीचं पहिलं अक्षर निसटतं. जवळजवळ प्रत्येक ओवीचं पहिलं अक्षर, कधी पहिला शब्द, त्या फाइलमध्ये नाही. त्या पहिल्या शब्दात बऱ्याचदा भाऊ असतो, लेक असते, गावाचं नाव असतं.

‘पुन्हा जाऊ’ असं आम्ही म्हणत राहिलो. जानेवारीत आजी गेली.

म्हणून पहिली गोष्ट, कागदावर लिहून घ्या : रेकॉर्डिंगला बसण्याआधी व्हीओआर किंवा ट्रिगर बंद. मेनूत कुठेही असो, शोधून बंद करा. त्याच मेनूत काही यंत्रांत ‘प्री-रेकॉर्ड’ नावाची सेटिंग सापडेल. ती मात्र चालू ठेवा. तुम्ही बटण दाबायच्या आधीचे काही सेकंद यंत्र आपल्या पोटात धरून ठेवतं आणि दाबल्यावर फाइलच्या सुरुवातीला जोडतं. म्हाताऱ्या माणसाला ‘थांबा हं, अजून बटण दाबलं नाही’ म्हटलं की अर्धं गाणं तिथेच विरतं. प्री-रेकॉर्डमुळे ते म्हणावं लागत नाही. आमच्या जुन्या प्लेअरमध्ये ही सोय मूळची नव्हती. पुढे आम्ही त्यात ‘रॉकबॉक्स’ टाकलं. काही स्वयंसेवकांनी 2001 साली सुरू केलेली ही फुकट प्रणाली आहे, बऱ्याच जुन्या प्लेअरांवर चालते. तिच्या रेकॉर्डिंगच्या मेनूत प्री-रेकॉर्ड, ट्रिगर, फॉरमॅट, चॅनल, सगळं उघडं मांडलेलं असतं. आज नवा माणूस एवढा खटाटोप करणार नाही, बरोबर आहे. पण कुणाच्या कपाटात जुना प्लेअर पडलेला असेल तर फेकू नका.

आता थोडं मागे जाऊ. ओव्या जमवायचं काम आम्ही सुरू केलेलं नाही. पुणे जिल्ह्यात गी पॉयटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन हे काम उभं केलं, आणि त्यातून लाखाहून अधिक ओव्या कागदावर आल्या. 1990च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले. सुमारे 120 तासांचं ध्वनिमुद्रण झालं, डिजिटल टेपवर, म्हणजे ज्याला ‘डॅट’ म्हणत त्यावर. आता त्यातलं बरंच ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतं. आज ऐका, आवाज स्वच्छ आहे. का? डॅटवर आवाज न दाबता, 16 बिटमध्ये, नेहमीच्या वापरात सेकंदाला 44,100 किंवा 48,000 नमुने घेऊन साठवला जायचा. तेव्हा ते यंत्र महाग होतं. आज तेवढंच काम तुमच्या खिशातलं यंत्र करू शकतं, फक्त तुम्ही त्याला तसं सांगितलं पाहिजे. न सांगता ते आपल्या मनाचं करतं, आणि त्याचं मन बैठकीच्या टिपणांत रमलेलं असतं.

(सभागृहात हशा)

मनाचं म्हणजे काय, तर ‘ऑटो’. मेनूत ‘एजीसी’, ‘ऑटो लेव्हल’, ‘ऑटो गेन’ अशी नावं असतात. आमच्या मते जात्याजवळ सगळ्यात जास्त नुकसान हीच सेटिंग करते. व्हीओआरचा घोळ निदान दिसतो, फाइल छोटी होते. एजीसीचा घोळ ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि ऐकूनही पुष्कळांना कळत नाही, फक्त ‘काहीतरी बरोबर वाटत नाही’ एवढंच वाटतं.

होतं असं. यंत्र सतत आवाजाची पातळी बघत असतं. आवाज कमी झाला की ते माइक ‘वाढवतं’, जास्त झाला की ‘उतरवतं’. बाई गाते तेव्हा माइक उतरलेला. ती श्वास घ्यायला थांबली, नुसतं जातं फिरतंय. यंत्राला वाटतं, आवाज खूप कमी झाला, वाढवा. मग घरघर हळूहळू फुगत जाते, दोन-तीन सेकंदांत जातं जणू कानाशी आलंय. तेवढ्यात बाई पुढची ओवी उचलते, माइक अजून चढलेलाच, म्हणून पहिलं अक्षर फाटतं. मग यंत्र दचकून माइक उतरवतं आणि जातं एकदम लांब जातं. प्रत्येक ओवीला ही भरती-ओहोटी. प्रत्यक्षात जात्याचा आवाज जवळजवळ एकसारखा असतो, आणि ओवीची लय त्यावर बसलेली असते. दाणे संपत आले की घरघर हलकी होते, मूठ टाकली की जड. ऐकणाऱ्या जाणत्या बाईला नुसत्या आवाजावरून कळतं की आता दळण किती उरलं. एजीसीने ते सगळं पुसून टाकलेलं असतं.

म्हणून एजीसी बंद आणि पातळी हाताने लावायची. हे अवघड नाही. पडद्यावर एक पट्टी असते, तिच्या उजव्या टोकाला शून्य. शून्य म्हणजे छप्पर. त्याला आवाज टेकला की फाटला, आणि फाटलेला आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने धड शिवता येत नाही. बाकी सगळे आकडे उणे. दर 6 डेसिबल खाली गेलं की आवाजाच्या लाटेची उंची निम्मी होते. आजीला म्हणायचं, ‘आजी, एक ओवी म्हणून बघता का, जातं ओढत ओढत?’ ती म्हणेल तेव्हा पट्टीचं सर्वांत उंच टोक उणे 12 च्या आसपास येईल अशी पातळी ठेवा. उणे 12च का, शून्याच्या जवळ का नाही? कारण पहिली ओवी लाजत म्हटलेली असते. पाचव्या ओवीला गळा सुटतो, दहाव्या ओवीला शेजारीण येऊन बसते, मग दोघींचा आवाज चढतो. तेवढी जागा वर हवी. 16 बिटमध्ये तळापासून छपरापर्यंत सुमारे 96 डेसिबलचं अंतर मिळतं, त्यातले 12 सोडले तरी काही बिघडत नाही, गावातलं कोणतंही घर तेवढं शांत नसतं. 24 बिटची सोय असेल तर उणे 18 वर ठेवा आणि निश्चिंत बसा.

मोबाइल वापरणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. मोबाइलमध्ये एजीसीच्या जोडीला ‘नॉइज रिडक्शन’ही असतं, म्हणजे सतत चालणारा एकसुरी आवाज ओळखून कापणारं यंत्र. पंखा, गाडीचं इंजिन वगैरे. आता विचार करा, जातं म्हणजे मोबाइलच्या दृष्टीने काय? सतत चालणारा एकसुरी आवाज! तो प्रामाणिकपणे जातं कापतो. उरते ती पोकळीत गाणारी बाई, आणि शब्दांच्या कडा पाण्यात भिजल्यासारख्या. काही रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये माइकचा प्रकार निवडता येतो, तिथे ‘अनप्रोसेस्ड’ किंवा ‘रॉ’ असेल तर ते घ्या. आणि व्हॉट्सअ‍ॅपचा माइक दाबून धरून ओव्या टिपू नका. तो निरोपासाठी ठीक आहे. त्यात आवाज इतका दाबला जातो की संग्रहासाठी हाती फार थोडं राहतं.

दाबण्याचा विषय निघालाच आहे तर फॉरमॅट. मेनूत दोन गोष्टी वेगळ्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, सेकंदाला किती नमुने घ्यायचे, ज्याला सॅम्पल रेट म्हणतात. दुसरी, घेतलेलं जसंच्या तसं ठेवायचं की दाबून, म्हणजे डब्ल्यूएव्ही की एमपी3. नमुन्यांचा नियम सोपा आहे : जेवढे नमुने, त्याच्या निम्म्या कंपनांपर्यंतचाच आवाज पकडता येतो. 8,000 नमुने घेतले तर 4,000 कंपनांच्या वरचं सगळं गेलं. जुन्या प्लेअरमध्ये ‘लाँग प्ले’ किंवा ‘लो क्वालिटी’ म्हटलं की बहुधा असलंच काहीतरी असतं. फोनवर ‘स’ सांगितला की समोरचा ‘फ’ लिहितो ना, त्यातलंच हे. ‘स’चा सीत्कार 4,000 च्या वर राहतो.

आपल्या मराठीत तर आणखी एक गंमत आहे. ‘जात’ आणि ‘जातं’. आता मोठ्याने म्हणून बघा. जात, म्हणजे माणसाची जात, तिथला ‘ज’ टाळूला जीभ लावून. जातं, म्हणजे दळायचं, तिथला ‘ज’ दातांशी. लिहिताना अक्षर एकच, कानाला दोन. तसंच ‘चार’ आणि ‘चाक’. हा फरक ऐकू येतो तो बराचसा वरच्या कंपनांतून. ती कापली की शब्द उरतो, बोली जाते. आणि आपण शिरूर-दौंडकडे जातोय ते नुसत्या शब्दांसाठी नाही. घोडनदीच्या अलीकडे-पलीकडे आणि भीमेच्या काठाला बायका शब्द कसा टाकतात, कुठे लांबवतात, ते हवं असतं. शब्द वहीतही मावतात.

तर : डब्ल्यूएव्ही, किमान 44,100 नमुने, 16 बिट. यंत्र देत असेल तर 48,000 आणि 24 बिट. जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांची ‘आयासा’ नावाची संघटना संग्रहासाठी हेच किमान माप सांगते. एमपी3 ऐकायला, पाठवायला उत्तम, त्याच्याशी आमचं भांडण नाही. पण मूळ प्रत एमपी3 करू नका, कारण तो आवाजातला ‘कानाला तसाही कळणार नाही’ असा भाग कायमचा टाकून देतो, आणि काटछाट करून पुन्हा पुन्हा साठवली की दर वेळी आणखी थोडा.

जागेची भीती लोकांना उगाच वाटते. 44,100, 16 बिट, एका चॅनलचं डब्ल्यूएव्ही तासाला सुमारे 318 एमबी खातं. दोन चॅनल केले तर 635. 32 जीबीच्या कार्डात एका चॅनलचं नव्वदहून जास्त तास बसतं. एवढ्या ओव्या एका दमात कुणी म्हणत नाही. प्लेअरला माइक एकच असेल तर ‘मोनो’च ठेवा, स्टिरिओ केलं तर तेच दोनदा साठतं. दोन माइकचा रेकॉर्डर असेल आणि एका जात्यावर समोरासमोर दोघी बसल्या असतील, एक ओवी उचलते आणि दुसरी साथ धरते, तर मात्र स्टिरिओ. यंत्र दोघींच्या मधे बाजूला ठेवलं की नंतर कोण काय म्हणाली ते वेगळं काढता येतं.

‘लो-कट’ नावाचं एक बटण असतं, तळाची गुरगुर कापणारं. उघड्यावर, वारा असताना 80 वर लावा. बाईच्या आवाजाचा पाया साधारण 165 कंपनांच्या वर असतो, तिला धक्का लागत नाही. घरात जातं फिरत असेल तर बंद ठेवा, जात्याचा जडपणा तळातच असतो. आणि इक्वलायझर, बेस बूस्ट वगैरेची काळजी सोडा. प्लेअरमध्ये ते साधारणपणे फक्त ऐकताना लागू होतं, रेकॉर्ड होणाऱ्या फाइलला लागत नाही. पण तपासताना ते बंद असू द्या, नाहीतर फाइल आहे त्यापेक्षा चांगली वाटते.

सेटिंग कितीही बरोबर असली तरी एक गोष्ट मेनूत नाही, ती म्हणजे यंत्र कुठे ठेवायचं. जात्याच्याच फरशीवर ठेवलं तर दगडाचा हादरा थेट माइकमध्ये. घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा, गाणारीच्या तोंडापासून हातभर-दीड हात, थोडं बाजूला. हातात धरू नका, बोटांची खसखस येते. वेळही बघा. दौंड जंक्शनच्या आसपासच्या गावांत मालगाडी दिसत नाही पण तिचा आवाज तळाला येत राहतो. शिरूरकडे नगर रस्ता आणि रांजणगावच्या एमआयडीसीची वाहनं. गळीत हंगामात तर उसाचा ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरपेक्षा त्यावरची गाणी. लाइट गेलेली वेळ आमच्या आवडीची : पंखा बंद, मोटार बंद, टीव्ही बंद. पहाट त्याहून चांगली, ओव्या मुळात पहाटेच्याच. पण पिठाची गिरणी आल्यावर पहाटेचं दळण संपलं. आता जातं निघतं ते लग्नात. म्हणून तुमच्या गावात लग्नाची तारीख निघाली की हळद कधी दळणार ते आधी विचारा.

चौफुल्याला लावणी टिपणाऱ्यांचे प्रश्न वेगळे आहेत. तिथे ढोलकीची थाप अचानक येते आणि उणे 12 सुद्धा अपुरं पडतं. आम्ही उणे 20 ठेवतो आणि ‘लिमिटर’ असेल तर लावतो. परवानगी घेऊनच, हे सांगायला नको. त्यावर पुढे कधीतरी.

परवानगी जात्याजवळही लागतेच. आम्ही आधी रेकॉर्डरमध्येच बोलतो : तारीख, गाव, तालुका, कोण गातंय, आणि हे पुढे लोकांना ऐकवलं तर चालेल का. उत्तरही तिच्याच आवाजात फाइलमध्ये राहतं. यंत्रातली तारीख लावून ठेवा. बॅटरी पूर्ण संपली की काही प्लेअरांचं घड्याळ परत पहिल्या दिवसावर जातं, आणि मग तुमच्या वीस फाइली एकाच 1 जानेवारीला जन्मतात. बॅटरी रेकॉर्डिंगच्या मध्ये संपली तर डब्ल्यूएव्ही फाइल शून्य मिनिटांची दिसते, कारण तिची लांबी शेवटी लिहिली जाते. अशी फाइल पुसू नका, आवाज बऱ्याचदा आत असतो, दुरुस्त करून काढता येतो. तरी दर अर्ध्या तासाने, चहा आला की, फाइल बंद करून नवी सुरू करावी.

आणि निघण्याआधी पहिलं मिनिट हेडफोनवर ऐका. मग तो आजीच्या कानाला लावा. ती स्वतः सांगते, काय ऐकू येत नाही ते.

मघाशी मागे बसलेल्या एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय : ‘त्या 23 मिनिटांच्या फाइलमधली गेलेली अक्षरं आता संगणकाने भरून काढता येतील का?’ नाही, ताई. जे टिपलंच गेलं नाही ते त्यात नाही. संगणक अंदाज करील, पण तो आजीचा शब्द होणार नाही. आम्ही एवढंच केलं की ती फाइल घेऊन पुन्हा त्या वस्तीवर गेलो. आजीच्या मोठ्या सुनेला ऐकवली. ती भाकरी थापत ऐकत होती आणि प्रत्येक ओळीआधी गेलेला शब्द आपल्या तोंडाने भरत होती, सासूच्या आवाजाच्या एक क्षण आधी. आम्ही ते वहीत कंसात लिहून घेतले. सतरा ठिकाणी ती थांबली, म्हणाली, ‘हे आत्याबाई काय म्हनायच्या ते मला नाय आठवत.’ वहीत तिथे आम्ही रिकामे कंस ठेवलेत.